फेट्याची गाठ

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणाराही आता कुणी उरलेला नाही. पण तिथले लोक चेंडूफळीच्या खेळापायी वेडे होते, एवढं मात्र सगळेच सांगतात.

खेळ साधाच होता. एकाने चेंडू फेकायचा. दुसऱ्याने तो लाकडी फळीने टोलवायचा आणि मैदानातल्या चार दगडांना शिवून परत यायचं. बाकीच्यांनी चेंडू अडवायचा. फळीवाल्याच्या पाठीमागे एक जण उकिडवा बसे आणि हुकलेला चेंडू झेली. त्याच्याकडे फारसं कुणी बघत नसे. बाळांनो, तुम्हीही बघितलं नसतं.

सिदोबा हा असा पाठीमागे बसणारा होता. बसून बसून त्याच्या गुडघ्यांचा पार खुळखुळा झाला होता.

त्या राज्यात एक रीत होती. एखादा चांगला खेळाडू दिसला, की सरदार त्याच्या डोक्याला आपल्या रंगाचा फेटा बांधे आणि मागे गाठ मारी. ज्याने गाठ मारली त्यानेच ती सोडायची. तोवर खेळाडू त्या सरदाराचा. घरी जाणं त्याच्या मर्जीवर, आणि दुसऱ्या सरदाराला देऊन टाकणंही त्याच्याच मर्जीवर.

सिदोबाचं गाव डोंगरापलीकडे होतं. वर्षातून एकदा, पावसाळ्यात खेळ बंद असला, की तो घरी जाई. त्याची बायको भिवराई दर वेळी विचारी, "अहो, तुम्ही तिथं करता तरी काय?"

"बसतो," सिदोबा म्हणे.

"बसायला एवढ्या लांब कशाला जावं लागतं?"

त्यावर सिदोबा हसे. पण मनातून त्याला फार वाटे, की एक उन्हाळा, एकच उन्हाळा, आपल्या गावच्या पथकात खेळावं. भिवराईने एकदा तरी बघावं. दुसरं काही त्याने देवाकडे मागितलं नव्हतं.

एके दिवशी सिदोबाच्या सरदाराला शेजारच्या सरदाराची घोडी आवडली. त्याने घोडी घेतली आणि बदल्यात चेंडू फेकणारा पायरोबा देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी पायरोबाच्या मुलीचं बारसं होतं. पाळण्याला नुसता हात लावून तो बिचारा चालता झाला.

तेव्हा मात्र सगळ्या पथकांचे खेळाडू मैदानाशेजारच्या चिंचेखाली जमले. नुसता गोंधळ! जो तो आपलंच गाऱ्हाणं सांगत होता, दुसऱ्याचं ऐकायला कुणी तयार नव्हतं. सिदोबा तेवढा ऐकत होता. कुणाच्या खांद्यात कळ येते, कुणाची आई आजारी आहे, कोण रागाने निघून जाईल, हे त्याला ठाऊक होतं. सगळे थकल्यावर तो म्हणाला, "फेटा आपल्या डोक्यावर आहे. काही उन्हाळे इमानाने खेळल्यावर गाठ आपल्या हातात यावी. एवढंच मागू, पण सगळे मिळून मागू."

त्या दिवशी खेळाडूंचा संघ झाला आणि सिदोबा त्याचा म्होरक्या. मागणं मान्य होईपर्यंत जत्रेच्या खेळाला कुणीही मैदानात उतरायचं नाही, असं ठरलं आणि ही बातमी राज्यभर झाली.

सरदार काही भोळा नव्हता. त्याने सिदोबाला वाड्यावर बोलावलं, टेकायला मऊ लोड दिला आणि म्हणाला, "तुझी गाठ मी आत्ता सोडतो. उद्या घरी जा, गावच्या पथकात खेळ. फक्त हे खूळ थांबव."

सिदोबाचा हात आपोआप मागे गाठीवर गेला. डोळ्यांपुढे भिवराई उभी राहिली. खोटं कशाला बोला, त्याचा जीव अगदी पाणी पाणी झाला.

"आणि पायरोबाची गाठ, सरकार?"

"त्याची तुला कशाला काळजी?"

सिदोबाने हात खाली घेतला. "मग राहू द्या. फेटा काही एवढा टोचत नाही मला."

हे त्याने कुणालाच सांगितलं नाही.

जत्रेचा दिवस उजाडला. राजा येऊन बसला. माणसांनी डोंगरउतार भरून गेला. मैदान रिकामं होतं. इतक्यात गलका उठला. येसाजी फळी घेऊन एकटाच मैदानात येत होता! येसाजी म्हणजे फळीचा राजा, सगळ्यांच्या गळ्यातला ताईत. सरदाराने तीच लालूच त्याला दाखवली होती.

येसाजी आपल्या जागी उभा राहिला. लोकांनी जयजयकार केला. मग जयजयकार हळूहळू थांबला, कारण चेंडू फेकायला समोर कुणीच नव्हतं.

चिंचेखालचे खेळाडू संतापाने लाल झाले. तेवढ्यात सिदोबा उठला आणि लंगडत मैदानात गेला. म्होरक्याच फुटला की काय, या विचाराने सगळे उठून उभे राहिले.

"येसा," सिदोबा म्हणाला, "फळी ठेव आणि माझ्या जागी बस जरा."

येसाजी उकिडवा बसला.

"काय दिसतं?"

"काही नाही. रिकामं मैदान."

"तू उभा राहतोस तिथून तुला येणारा चेंडू तेवढा दिसतो. तो तुझा दोष नाही, लेकरा. मी इथून रोज सगळ्यांची तोंडं बघतो, म्हणून मला त्यांची सवय झाली."

येसाजीला रडू फुटलं. "आई थकलीय, सिदोबाकाका. तिच्यासाठी हो म्हणालो."

"मला ठाऊक आहे," सिदोबा म्हणाला. त्याने येसाजीच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघे चिंचेकडे निघाले. तो हात बघून येसाजीला कुणी एका शब्दाने बोललं नाही.

राजाने सगळं पाहिलं. "हे खेळत का नाहीत?" त्याने विचारलं. उत्तर लोकांनीच दिलं. अख्खा डोंगरउतार ओरडू लागला, "गाठ सोडा! गाठ सोडा!"

सरदार नमले, पण म्हणाले, "नवी रीत दोन उन्हाळ्यांनी सुरू होईल."

पायरोबा सिदोबाच्या कानाला लागला. "तोवर तुझे गुडघे टिकायचे नाहीत. नको म्हण."

"ताणलं तर तुटेल, बाबा. गुडघे माझे जातील, पण पुढचे सगळे उन्हाळे तुमचे आहेत," सिदोबा म्हणाला आणि त्याने होकार दिला.

आणि तसंच झालं. दोन उन्हाळ्यांनी सिदोबाने गाठ सोडली, ती काठी टेकतच. घरी आला, पण त्याला आता उकिडवं बसता येत नव्हतं. तो आणि भिवराई ओसरीवर बसून राहत.

एका सकाळी दारात दंगा ऐकू आला. येसाजी आईला घेऊन आला होता. पायरोबा मुलीला कडेवर घेऊन आला होता. मागे सगळ्या पथकांचे खेळाडू होते. आता त्यांना कुणाची परवानगी लागत नव्हती. सरदाराने सिदोबाला काय देऊ केलं होतं, ते कसं कोण जाणे, वाड्यावरून त्यांच्या कानी पोचलं होतं.

त्यांनी गावच्या माळावर चार दगड मांडले. येसाजीने घरातला पाट आणला, फळीच्या मागे ठेवला आणि सिदोबाला त्यावर बसवलं. पायरोबाने चेंडू फेकला. येसाजीने फळी फिरवली आणि मुद्दाम चुकवली. चेंडू सिदोबाच्या ओंजळीत येऊन बसला.

भिवराई बांधावरून बघत होती. तिने डोळे पुसले आणि मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, हे खरंच नुसते बसतात!"

सारा माळ हसला. सगळ्यात मोठ्याने सिदोबा हसला.

बोध: स्वतःपुरत्या उघडलेल्या दारातून जो एकटा निघून जात नाही, तोच दहा जणांचा म्होरक्या होतो.