एक उभी रेघ

“पण सर, हे सगळं पुढं लागतंच कुठं?”

शर्वाणीनं विचारलं आणि स्वतःच हसली. मिरजेत मुजावर सरांच्या ओसरीवर ती पहिल्यांदाच आली होती. सर कॉलेजातून निवृत्त झालेले. इंजिनिअरिंगच्या गणितात अडकलेली पोरं त्यांच्याकडं येत, चपला काढून चटईवर बसत.

“कुणाला लागत नाही, बेटा?”

“आम्हाला. इंजिनिअर लोकांना. मला तर गणित येतच नाही, सर. आमच्या घरात कुणालाच येत नाही.”

माहेरचा दागिना दाखवावा तसं ती हे म्हणाली.

“मग आलीस कशाला?”

“एम-थ्री राहिलाय, गणिताचा तिसरा पेपर. बाकी सगळे विषय सुटले. नोकरीचं पत्रसुद्धा आलंय, पण ह्या वेळी गणित निघालं नाही तर नोकरी गेली. आणि बाबा गल्लीभर पेढे वाटून बसलेत.”

सर उठले. त्यांनी भिंतीवरच्या फळ्यावर एक समीकरण लिहिलं आणि खडू तिच्यापुढं धरला.

तिचा चेहरा उजळला. “हे तर हमखास येतं पेपरला. आयएमपी आहे.”

मग खडू थांबला नाही. ओळीखाली ओळ उतरत गेली. शेवटच्या उत्तराभोवती तिनं झोकात चौकोन काढला.

“पुस्तकातल्या उत्तराशी जुळतंय बघा, सर.”

“जुळतंय. पाठ आहे?”

“दहा मार्कांचं आहे. पाठ करावंच लागतं.”

सर फळ्याच्या वरच्या ओळीकडं बघत राहिले... म्हणून तिनंही बघितलं.

सरांनी मधे वजा लिहिलं होतं. तिच्या पहिल्याच ओळीत अधिक होतं.

“सिली मिस्टेक,” ती पुटपुटली. “घाईघाईत...”

आता फुली मारणार, असं तिला वाटलं. सरांनी दुसरा खडू उचलला आणि आपल्याच वजावर एक उभी रेघ ओढली.

“घे. आता तुझं बरोबर. दहापैकी दहा.”

शर्वाणीची कानशिलं तापली. रागावले असते तर सोसलं असतं. एवढ्या मोठ्या माणसानं तिच्या उत्तरासाठी आपला प्रश्न बदलला होता. बाकीचे विषय सुटले म्हणाली होती ती. ते तरी कसे सुटले होते...

“सर, असं नका ना करू.”

“का? पेपर काढायचाय ना?”

ती फळ्याकडं वळली. मग ओढणीच्या टोकानं तिनं ती उभी रेघ पुसली. त्याखालचं सगळं पुसलं, चौकोनासकट. फळ्यावर सरांचं समीकरण तेवढं उरलं. तिनं खडू टेकवला. हात पुढं सरकेना.

“...मला येत नाही, सर.”

या वेळी ती हसली नाही.

सरांनी चष्मा नाकावर सारखा केला.

“पहिली ओळ बरोबर आली. पुढची लिही.”