धुरपा सुतारणीचा गाडा

फार फार वर्षांपूर्वी, माझ्या पणज्याला मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा, तरसवाडीच्या शिवेवर माणसं येऊन बसली. वरच्या मुलखात लढाई पेटली होती, तिथून जीव घेऊन पळालेली. आधी दोन-चार चुली धुमसत होत्या. बघता बघता अख्खा माळ धुरानं भरला. असं म्हणतात, त्यांची पोरं एकदम खोकली की गावातली भांडी फळीवर थरथरायची.

गावानं विहिरीवर पहारा बसवला. अन् तेवढ्यात गावात तापाची साथ आली.

"ह्यांनीच आणली," पाटील म्हणाले. "मरीआईचा गाडा काढा."

नारळ, गूळ, हिरवं लुगडं घालून लाकडी गाडा शिवेपार ढकलायचा, म्हणजे रोगराई त्याच्यासंगं जाते. गाडा करायची धुरपा सुतारीण.

"शिवेपार तर ती माणसं बसलीत, पाटील. त्यांच्या चुलीत ढकलू का?"

"तू लाकूड तास, धुरपे. तोंड नको चालवूस."

तासता तासताच तिच्याही अंगात ताप भरला. कुणाला बोलली नाही. गाव गाडा माळावर लोटून, मागं न बघता पळालं.

सकाळी गाडा वेशीत हजर! माळावरच्यांना वाटलं, गावानं आहेर धाडला. त्यांनी त्यांच्या रीतीनं निम्मं ठेवलं, निम्मं परत आणलं. अर्धा नारळ, अर्धा गूळ, लुगडंसुद्धा नीट निम्मं फाडून, घडी घालून.

दारं धडाधड लागली. परतलेल्या गाड्याला शिवला तो मेला, हे पोरासोरांनाही ठाऊक. पाटलांनी माळ जाळायला पलिते काढले.

धुरपा पुढं झाली अन् गाड्यातलं खोबरं कचाकचा खाल्लं.

"दिवस मावळेस्तोवर इथंच उभी राहते. पडले, तर जाळा माळ. नाही पडले, तर पलिते विझवा."

"बोली कबूल," पाटील लांबूनच म्हणाले.

गाड्याचा दांडा धरून ती उभी राहिली. असं म्हणतात, तिच्या अंगाची धग अशी, की वरून जाणारे कावळे वळसा घालून गेले.

"पडली गं!" दाराच्या फटीतून बाया कुजबुजायच्या.

"नाय, अजून नाय."

माळावरची माणसं शिवेवरून टक लावून बघत बसलेली.

दिवस मावळला. पलिते विझले. "बस आता, धुरपे," पाटील म्हणाले. ती बसेना. असं म्हणतात, ती दुपारीच गेली होती, उभ्या उभ्या. पण पडली नव्हती. अन् बोली तेवढीच होती. खांदा द्यायला माळावरचेच आधी धावले.

तेव्हापासून तरसवाडीचा गाडा शिवेपार जात नाही. वेशीतच उभा करतात. पहिलं खोबरं पाटलाच्या घरचा कर्ता खातो आणि दिवस मावळेपर्यंत दांडा धरून उभा राहतो. घडीघडीला सूर्याकडं बघतो बिचारा. समोर ऐसपैस बसून, डोळ्याची पापणी न लववता बघत असतात माळावरच्यांची पणतवंडं.