मोर म्हणे

"गाणं रचतो दादा, मग शेवटच्या ओळीत नाव दुसऱ्याचं का?"

डोंगरापलीकडच्या एका जंगलात दोन दयाळ पक्षी राहत असत, थोरला आणि धाकटा. हा प्रश्न धाकट्याचा. त्याने तो घुबडगुरुजींना विचारला, तर ते म्हणाले, "आधी बाराखडी पुरी कर." खारीला विचारला, तर ती म्हणाली, "सरक बाजूला, मला दाणे पुरायचेत." दादाला विचारला, तर तो नुसता शेपटी उडवून हसला. घुबडगुरुजींची शाळा भरायची रात्री आणि धाकट्याला झोप यायची तीही रात्रीच. त्यामुळे बाराखडी काही पुरी झाली नाही आणि उत्तरही मिळाले नाही.

मुलांनो, थोरला दयाळ कोणाच्या चाकरीत नव्हता. सकाळी आपले किडे आपण टिपायचा आणि ऊन चढले, की एका वाळक्या झाडाच्या शेंड्यावर, उघड्या फांदीवर जाऊन बसायचा. ज्याला शब्द हवेत, त्याने तिथे यावे. सुगरणीला बारशाचे गाणे हवे असे, सशाला सासुरवाडीला निरोप धाडायचा असे, अस्वलाला तर दर उन्हाळ्यात मधमाश्यांची माफी मागायची असे. दादा ओळी जुळवून देई. मोबदल्यात कोणी चोचभर वाळवी देई, कोणी पिकलेले उंबर. काही दिवस पोट तडस लागेपर्यंत भरे, काही दिवस सकाळच्या किड्यांवरच भागवावे लागे. रीत अशी होती, की जो मोबदला देईल त्याचे नाव शेवटच्या ओळीत : 'सुगरण म्हणे', 'अस्वल म्हणे'.

सगळ्यात मोठे गिऱ्हाईक म्हणजे मोर. सिंहाच्या दरबारातला तो मानाचा कवी, पण आयुष्यात त्याने स्वतः एक ओळ जुळवली असेल तर शपथ! अर्थात हे दरबारात उघडपणे कोणी बोलत नसे. दरबारातला म्हातारा पोपट वारला, तेव्हाही मोर दादाकडेच आला. दादा फांदीवर बसून पुटपुटत होता, "सावलीचे छिद्र बुजतच नाही..." शेजारी बसलेला धाकटा फिसकन हसला.

"छिद्र काय, दादा? भोक म्हण की!"

दादाने मान वाकडी करून शब्द घोळवून पाहिला. "भोक. खरंच की रे! भोकच पाहिजे तिथं."

आणि गाणे असे झाले :

पान एक गळे, झाड उभे राही,
सावलीचे भोक बुजतच नाही.
मोर म्हणे, पक्षी केव्हाचा उडाला,
फांदीचा हा झोका नाही थांबलेला.

पण उघड्या फांदीवर बसणारा जसा गिऱ्हाइकाला दिसतो, तसा शिकऱ्यालाही दिसतो. एका भर दुपारी शिकरा आला. धाकटा चोचीत नाकतोडा धरून परतला, तेव्हा झाडाखाली काळी-पांढरी पिसे तेवढी उरली होती. नाकतोडा त्याच्या चोचीतून कधी सुटून गेला, तेही त्याला कळले नाही.

साळुंकीमावशी धावत आली. रडली, आणि रडता रडताच म्हणाली, "तरी मी सांगत होते! शब्दांवर का कुठं पोट भरतं? तू तरी आता शहाणा हो. कुठंतरी चिकट बाबा."

पाठोपाठ दरबाराचा कारभारी कोल्हा आला. "वाईट झालं, बाळ," तो म्हणाला. "महाराजांनी तळ्याकाठी शोकसभा ठेवली आहे. मोरसाहेब गाणार आहेत. तुझ्या दादावरचं गाणं तेवढं तू करून दे. बदल्यात दरबारात कायमची जागा! दाट पानांची फांदी, दोन्ही वेळचं खाणं, शिकऱ्याची सावलीसुद्धा पडायची नाही."

खोटे कशाला सांगू? ती दाट पानांची फांदी धाकट्याच्या डोळ्यांपुढे येऊन गेली. पोटातही कावळे ओरडत होते.

"आणि शेवटच्या ओळीत?" त्याने विचारले.

"शेवटच्या ओळीत काय, 'मोर म्हणे'. रीतच आहे ती."

धाकट्याचे डोके भडकले. "रडायचं मी आणि म्हणायचं मोरानं? जा, सांग त्याला, अश्रू काही भाड्यानं मिळत नाहीत!"

"उपाशी मरशील, पोरा."

"मरेन! पण स्वतःच्या नावानं मरेन!"

कोल्हा शेपूट झटकत निघून गेला.

शोकसभेला सगळे जंगल तळ्याकाठी जमले. सिंह खडकावर डोळे मिटून पडला होता. त्याला झोप लागली आहे की दुःख झाले आहे, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. मोर पिसारा सावरत पुढे आला. नवे गाणे मिळाले नव्हते आणि स्वतःला तर सुचणार नव्हते, म्हणून त्याने जुनेच काढले. गळा कापरा करून तो गाऊ लागला, "पान एक गळे, झाड उभे राही, सावलीचे भोक..."

भोक! धाकट्याच्या अंगावर सरसरून काटा आला. दादाचेच गाणे, दादाच्याच शोकसभेत, आणि त्यात तो दोघांनी मिळून पसंत केलेला शब्द मोराच्या तोंडी! त्याने चोच घट्ट मिटून घेतली. मिटवेल तितकी मिटली.

मोर शेवटच्या ओळींवर आला. डोळे मिटून, मान उंच करून त्याने सूर लावला, "मोर म्हणेऽऽ..."

"म्हणे!" धाकटा ओरडला.

एकच शब्द. पण मुलांनो, ऐकीव गोष्ट खोटी वाटली, की आपण कसे नाक उडवून म्हणतो, 'तो वाघाशी कुस्ती खेळला, म्हणे!' अगदी त्याच सुरात.

मग वरून माकड खिदळले, "यानं रचलं, म्हणे!"

"मोरानं रचलं, म्हणे!" खारीने री ओढली.

"हा तर आयत्या बिळावर नागोबा!" ससा म्हणाला, आणि शेजारी बसलेला नाग खजील होऊन इकडेतिकडे पाहू लागला. हशा असा पिकला, की तळ्यातले बेडूकही कारण न कळता हसले.

"शांतता! शोकसभा आहे ही!" कोल्हा किंचाळला.

मोराचा पिसारा थरथरू लागला. "फुकट नाही घेतलं मी!" तो ओरडला. "पोटभर वाळवी मोजली होती त्या दयाळापुढे!"

बोलून गेल्यावर त्याला कळले, आपण काय बोललो ते. हसू थांबले. आता सगळे जंगल त्याच्याकडे नुसते बघत राहिले, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होते.

सिंहाने एक डोळा उघडला. "गाणं अर्धंच राहिलं," तो म्हणाला. "कोणीतरी पुरं करा."

मग धाकटाच पुढे झाला. त्याचा गळा काही दादासारखा नव्हता. सूर फाटला, एका ओळीत तर हुंदका आला आणि ती पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागली. घुबडगुरुजींनी मान हलवली. पण शेवटच्या ओळींवर तो आला, तेव्हा त्याची शेपटी ताठ उभी होती :

"दयाळ म्हणे, पक्षी केव्हाचा उडाला,
फांदीचा हा झोका नाही थांबलेला."

"दरबारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही!" कोल्हा दात खाऊन म्हणाला.

"टाकणारच नव्हतो. मला पंख आहेत," धाकटा म्हणाला आणि उडाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आपले किडे आपण टिपले आणि ऊन चढल्यावर तो त्याच उघड्या फांदीवर जाऊन बसला. साळुंकीमावशीने कपाळाला पंख लावला. "अरे, शिकरा!"

"येऊ दे. मी काही आभाळाकडे पाठ फिरवून बसत नाही. चारी दिशांना नजर ठेवीन आणि गाईन," तो म्हणाला.

वाट पाहून पाहून दुपार कलली, तेव्हा कुठे एकटे अस्वल डुलत आले. मोराच्या भीतीने बाकी कोणी फिरकले नव्हते. "धाकट्या, यंदाची माफी करून दे बाबा," ते नाक चोळत म्हणाले. "तुझ्या दादाच्या ओळी म्हटल्या, की मधमाश्या डसत नाहीत. म्हणजे, कमी डसतात."

"देईन. पण शेवटी तुझ्या नावाबरोबर माझंही नाव येईल. 'अस्वल म्हणे, दयाळ रचे.' पटत असेल तर बस."

अस्वलाने डोके खाजवले. "माफी माझी, शब्द तुझे. बरोबरच आहे की. मध आणू का?"

"उद्या आण. त्याआधी मला दुसरं एक काम उरकायचंय."

"त्याचं काय मिळणार तुला?"

"काही नाही. फुकटचं काम एवढंच. पुन्हा करणार नाही."

आणि तो निघाला. जिथे जिथे दादाची गाणी गेली होती, तिथे तिथे गेला. कुणी दार लावून घेतले, कुणी आत बोलावले. सशाच्या बिळापाशी बसून त्याने सासुरवाडीचा निरोप पहिल्यापासून म्हणून घेतला. सुगरणींच्या वसाहतीत, वाऱ्यावर झुलणाऱ्या खोप्यांमधल्या चिमुकल्या पिल्लांना त्याने बारशाचे गाणे नव्याने शिकवले. पिल्ले शेवटी चुकत, नुसते 'सुगरण म्हणे' म्हणून थांबत, आणि तो चिडून पुन्हा म्हणायला लावी. अखेर सगळी एका सुरात म्हणाली, "सुगरण म्हणे, थोरला दयाळ रचे!" तेव्हा तो उठला. दादासाठी त्याने केलेले हे शेवटचे काम.

तात्पर्य : पोटासाठी शब्द खुशाल विकावेत, त्यात लाज कसली, पण शब्दांखालचे नाव विकत मागायला कोणी आले, तर तो कितीही मोठा असो, त्याला आल्या वाटेने परत पाठवावे.