शेवंतीची गुलाबी आंबील

एक होतं चिमुकलं घर, आणि त्या घरात होतं एक मोठ्ठं दुःख. घर इतकं लहान की चार पावलं टाकली की संपलं. दुःख मात्र काही केल्या उंबरठ्याबाहेर जाईना.

त्या घरात शेवंती राहायची. वय वर्षं नऊ, डोळे टपोऱ्या जांभळांसारखे, फ्रॉकला ठिगळं तीन आणि तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. तिचे बाबा दूर समुद्राकाठी मिठागरावर कामाला गेले होते. आई द्वारकामामींच्या बागेत फुलं तोडायला जायची. आणि चार वर्षांची धाकटी तानू गोधडीत पडून असायची, कोमेजलेल्या कळीसारखी.

तानूला मोठा ताप आला होता. दवाखान्यातल्या बाईंनी औषध दिलं आणि ताप उतरला. पण जाताना मेला पोरीची भूक घेऊन गेला! पेज दिली की पोट धरून रडायची. भात दिला की तोंड फिरवायची. हात कसे झाले होते म्हणता? शेवग्याच्या कोवळ्या शेंगाच जणू.

"तानू, हा चिऊचा घास," शेवंती म्हणायची.

"नको."

"बरं, मग हा काऊचा?"

"काऊलाच दे ना गं ताई. त्याला भूक लागली असेल."

शेवंती तो घास खरंच पत्र्यावर ठेवायची आणि आईला दिसू नये म्हणून पाठ करून डोळे पुसायची. दवाखान्यातल्या बाईंनी आईला बजावलं होतं, "यमुनाबाई, आता पोरीच्या पोटात अन्न टिकलं पाहिजे. नाहीतर तिच्या अंगात ताकद यायची कुठून?" ते शेवंतीनं दाराआडून ऐकलं होतं.

पौषातली ती सकाळ होती. थंडी अशी की बोलताना तोंडातून धूर निघावा. शेवंती आईला मदत करायला बागेत गेली. अहाहा, काय ती बाग! केशरी झेंडू, पिवळीजर्द शेवंती, लाजरीबुजरी अबोली. आणि प्रत्येक पाकळीवर दवाचा इवलासा मणी. ऊन आलं तशी सगळी बाग लुकलुक लुकलुक करायला लागली.

तेवढ्यात पेरूच्या झाडाखालून आवाज आला, "सुंईंईं... सुंईंईं..."

शेवंतीनं वाकून पाहिलं. पाचोळ्यात एक काचेची बाटली पडली होती, आत माणकासारखं लालचुटूक पाणी. त्याचं असं झालं होतं, की द्वारकामामींनी शहरातल्या जावेचं ऐकून गाजर, बीट, मोहरी आणि मिठाचं पाणी बाटलीत आंबायला ठेवलं होतं. आंबवलेलं पोटाला बरं म्हणून. पण झाकण असं आवळलं, असं आवळलं, की आतल्या जिवाला श्वास घ्यायला फट नाही. चार दिवसांनी झाकण फुगलं, बाटली शीळ घालायला लागली, आणि "भूत! भूत!" करत मामींनी ती नेऊन पेरूखाली टाकली.

"उघडा गं कुणीतरी!" बाटलीतून मुंगीएवढा आवाज आला. "गुदमरले मी!"

दुसरं कुणी असतं तर पळालं असतं. शेवंती घाबरली नाही असं नाही, पण कुणीतरी गुदमरतंय म्हटल्यावर पळायचं कसं? तिनं बाटलीवर फडकं टाकलं, तोंड बाजूला केलं आणि झाकण हळू, अगदी हळू फिरवलं. फुस्स्स! गुलाबी फेसाचं कारंजं उडालं, बुडबुडे उन्हात चमचमले, आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या बुडबुड्यातून बोटभर उंचीची एक परी बाहेर आली. बिटाच्या रंगाचा झगा, मोहरीच्या फुलांचा पिवळा मुकुट, आणि पंख तर फेसाचेच!

"हुश्श!" परी म्हणाली. "मी फेसुली. जे जे काही आंबतं, फुगतं, बुडबुडतं, तिथे माझं राज्य. तू मला मोकळं केलंस, म्हणून तुझ्या दोन इच्छा मी पुऱ्या करीन. एक दुसऱ्यासाठी मागायची, एक स्वतःसाठी. आधी दुसऱ्याची हं, मग स्वतःची."

शेवंतीनं क्षणभरही विचार केला नाही. "माझ्या तानूला भूक लागू दे!"

परी तिच्या तळहातावर येऊन बसली. "बाळ, प्रत्येकाच्या पोटात एक बाग असते. तिथे माझे चिमणे माळी राबतात, डोळ्यांना दिसत नाहीत इतके चिमणे. तानूच्या औषधानं आपलं काम चोख केलं, पण तण उपटता उपटता चार फुलझाडंही उपटली गेली, आणि माळीही पांगले. ते परत न्यायला हवेत."

"मग ने ना, परीताई! आत्ता ने!"

"इथेच तर गंमत आहे. माझ्याकडे इच्छा ताज्या मिळत नाहीत, आंबवाव्या लागतात." फेसुलीनं बाटलीत डोकावून पाहिलं. सगळं उडून गेलं होतं, तळाशी जेमतेम दोन चमचे उरले होते. "नाचणीच्या पिठाची पातळ पेज कर. ती निवू दे. बोट बुडवून दहा अंक मोजता आले की मगच यातला एक चमचा घाल, आधी नाही. मडक्यावर फडकं बांध, झाकण नको, आमचा जीव जातो. आणि त्यांना ऊब दे. ऊब हं, आच नाही. बुडबुडे आले की समज, इच्छा पिकली."

घरात नाचणीचं पीठ होतं ते एका भाकरीपुरतं, शेवंतीच्या वाटणीचं. तिनं त्याचीच पेज केली. बोट बुडवलं. "एक, दोन... आई गं!" पुन्हा थांबली. पुन्हा बुडवलं. "...नऊ, दहा!" मग घातला पानाच्या द्रोणातून आणलेला तो लाल चमचा. पेज गुलाबी झाली, पहाटेच्या आभाळासारखी. पाणी पिऊन शेवंती झोपली.

दुसरा दिवस उगवला, मावळला. मडक्यात बुडबुडा नाही. शेवंतीनं मडक्याला हात लावला तर ते गारढोण.

"अगंबाई, काकडलेत बिचारे!" तिला फार कणव आली. आईनं मजुरीतून आणलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या नुकत्याच भाजल्या होत्या. चुलीत निखारे फुलले होते, पण चुलीशेजारच्या वैलावर कुठे जाळ असतो? तिथे तर दूध ठेवतात कोमट राहायला. शेवंतीनं मडकं वैलावर ठेवलं आणि म्हणाली, "शेका हं अंग."

सकाळी मडकं उघडलं तर पेज घट्ट झालेली, कडेनं करपलेली. रंग गेलेला, वास गेलेला.

ती बागेत धावली. पेरूच्या पानावर फेसुली केस विंचरत बसली होती. "काय गं, कसे आहेत माझे माळी?"

खोटं बोलायला किती सोपं होतं! थंडीनं गेले म्हणायचं, मांजरानं सांडलं म्हणायचं. शेवंतीनं मान खाली घातली. "मी मारले त्यांना, परीताई. त्यांना थंडी वाजत होती म्हणून मी वैलावर ठेवले. मी... मी शिजवले त्यांना."

फेसुलीच्या डोळ्यांतून मोहरीएवढे दोन अश्रू पडले. शेवंती तर हुंदके देऊन रडायला लागली.

"परत जिवंत कर ना! माझी दुसरी इच्छा घे, मला काही नको."

"मेलेलं उठवता येत नाही बाळ, कुठल्याच इच्छेनं." परीनं डोळे पुसले. "पण तू खरं बोललीस. मांजराचं नाव घेतलं असतंस ना, तर मी हा शेवटचा चमचा घेऊन निघून गेले असते. जा, पुन्हा लाव. यानंतर मात्र माझ्याकडे थेंब नाही."

"पण ऊब कुठून आणू? चूल जास्त होते, थंडी कमी पडते."

"तुला सोसते तेवढीच त्यांना सोसते," फेसुली म्हणाली, आणि पानाआड गेली.

शेवंती घरी येईपर्यंत विचार करत राहिली. मला सोसते तेवढी म्हणजे केवढी? मग तिनं स्वतःच्या पोटावर हात ठेवला, आणि तिला कळलं.

त्या दिवशी भोगी होती. आईनं शेजारून ओंजळभर नाचणीचं पीठ मागून आणलं. पेज झाली, निवली, शेवटचा चमचा पडला. रात्री तिघी मायलेकी एका गोधडीत आणि मधोमध मडकं. आणि संक्रांतीच्या सकाळी आई कामाला गेल्यावर शेवंतीनं मडकं मांडीवर घेतलं, पोटाशी धरलं, वरून घोंगडी पांघरली आणि भिंतीला टेकून बसली.

नऊ वर्षांच्या पोरीनं दिवसभर एका जागी बसायचं! राक्षस मारणं सोपं हो त्यापेक्षा. पायाला मुंग्या आल्या, नाकावर माशी बसली, बाहेर पतंग उडाले. दाराशी पोरं जमली आणि ओरडायला लागली,

"शेवंती झाली कोंबडी,
उबवत बसली आंबडी!"

"आंबडी नाही, आंबील!" शेवंती आतून ओरडली. पण हलली नाही.

दुपारी खुद्द द्वारकामामी दारात उभ्या. अंगावर काळी चंद्रकळा, हातात तिळगुळाचा डबा. "अगं ए भवाने! सगळ्या गावच्या पोरी देवळात आल्या, तू इथे अंडी घालतेस होय? काळे फ्रॉक वाटतेय मी यंदा, चांदण्यांच्या टिकल्या लावलेले. एकच उरलाय, अगदी तुझ्या मापाचा. चल ऊठ, देवीपुढे उभं राहिल्याशिवाय नाही देत मी."

चांदण्यांच्या टिकल्या! शेवंतीच्या डोळ्यांपुढे तो फ्रॉक गिरकी घेऊन गेला. ठिगळ नसलेला. कोरा. तिनं मडक्याकडे पाहिलं, गोधडीतल्या तानूकडे पाहिलं.

"मामी, मी उठले तर यांना थंडी वाजेल."

"कुणाला?"

"माळ्यांना. तानूच्या पोटातल्या."

मामींनी कपाळावर हात मारला. "पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय!" आणि तरातरा निघाल्या. चार पावलं गेल्या, थांबल्या, परत आल्या. तिळगुळाचे दोन लाडू उंबऱ्यावर ठेवले, नाक वर केलं आणि गेल्या. बाई जिभेची तिखट, पण मनाची वाईट नव्हती.

फ्रॉक दुसऱ्या मुलीला गेला. शेवंती थोडी रडली. का नाही रडणार? पण रडतानाही तिनं मडकं पोटाशीच धरलं होतं.

दिवस कलला. सोनेरी ऊन दारातून आत सरकत सरकत तिच्या पावलांपाशी आलं. आणि त्याच वेळी पोटाला काहीतरी हुळहुळलं. टुप्. शेवंतीनं श्वास रोखला. टुप्, टुप्. फडकं सोडलं तर काय! गुलाबी आंबिलीवर मोत्यांसारखे बुडबुडे, एक फुटतोय तोवर दुसरा वर येतोय. वास कसा आंबूस, गोडूस, तोंडाला पाणी आणणारा.

तिनं दोन चमचे वाटीत काढले, चिमूटभर मीठ घातलं. "तानू, हा घास नाहीये. गुलाबी गंमत आहे."

तानूनं जिभेचं टोक लावलं. डोळे मिचकावले. "आंबट!" म्हणाली. आणि वाटी चाटूनपुसून साफ केली. शेवंती तिच्या पोटाकडे बघत बसली. रडू नाही. कळ नाही. तानू कूस बदलून शांत पडली.

तेवढ्यात अंगणात लख्ख उजेड पडला. तुळशीच्या कट्ट्यावर फेसुली उभी होती. तिच्या पंखांत मावळतीचे सगळे रंग उतरले होते, गुलाबी, नारिंगी, जांभळा.

"शेवंते, दिवसभर तू माझ्या माळ्यांना पोटाशी धरलंस. राणी असून मी कधी इतका वेळ एका जागी बसले नाही गं. आता तुझी स्वतःची इच्छा माग. मात्र ऊन मावळायच्या आत, नंतर मी नाही. सांग, काय देऊ?"

शेवंती कट्ट्यापाशी उभी राहिली. काय मागावं? तिनं डोळे मिटले. चांदण्या लुकलुकल्या. तिनं तोंड उघडलं, "परीताई, मला ना..."

"ताईऽऽ!" घरातून आवाज आला. रडका नव्हे, मरगळलेला नव्हे, चांगला हुकमी आवाज. "ताई, मला भूक लागली! भाकर दे! मोठ्ठी!"

झालं. शेवंतीनं गर्रकन पाठ फिरवली. परी विसरली, इच्छा विसरली, मावळतं ऊन विसरली. "आले गं तानू! आले!" म्हणत ती घरात धावली, आणि फडताळातली आईची भाकरी काढून तिचा मऊ मऊ पापुद्रा सोलायला लागली.

अंगणात फेसुली खुदकन हसली. "वेडी गं वेडी! मागायचीच राहिली." मग ती अलगद दारापाशी उडत आली. भाकरी कुस्करणाऱ्या त्या दोन चिमुकल्या हातांवर तिनं न मागितलेली इच्छा शिंपडली. "जा, या हातांना गुण येईल. हे हात जे जे आंबवतील, ते ते आंबेल, आणि पिणाऱ्याच्या पोटात बाग फुलेल."

उजेड वाढला, सोन्यासारखा झाला, मग दुधासारखा. त्यात लाखो बुडबुडे वर वर गेले, आणि शेवटचा फुटला तेव्हा अंगणात परी नव्हती. मोहरीचं एक पिवळं फूल तेवढं तुळशीपाशी पडलं होतं.

शेवंतीला ते दिसलंच नाही. तिला तानू दिसत होती. गालाला भाकरीचे कण, मुठीत मोठा तुकडा.

"हा चिऊचा," शेवंती म्हणाली.

"नाही, माझा!" तानू म्हणाली, आणि घास गिळून तिनं पुन्हा तोंड उघडलं.