दाढेतला तुकडा

“पण सर, हे त्यांना सांगायलाच हवं का?”

निनादने दार ओढून घेतलं होतं, तरी तो कुजबुजतच होता. कराडात दवाखाना थाटून त्याला पाच वर्षं झाली होती. रूट कॅनाल करावं तर निनाद डॉक्टरांनीच, असं लोक म्हणायचे आणि तोही ते कधी नाकारायचा नाही. आज मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

खांबेटे सर एक्स-रे उजेडाकडे धरून बघत होते. हे काम तो त्यांच्याच हाताखाली शिकला होता, आणि आज त्यानेच त्यांना घाईने बोलावून घेतलं होतं.

दाढेच्या वाकड्या मुळात एक पांढरी रेघ दिसत होती. मूळ साफ करायची केसाएवढी सुई गेल्या वर्षी तिथे मोडली होती. निनादने वरून दाढ भरून टाकली, कॅप बसवली आणि शेवंताकाकूंना सांगितलं, छान झालंय. आता त्या सुजलेला गाल धरून बाहेर बसल्या होत्या.

“सुई कुणाच्याही हातून मोडते,” सर म्हणाले.

“तेच म्हणतोय मी! पुन्हा उघडू, तुम्ही तुकडा काढा, आणि… कशाला बोलायचं?”

सर उठले आणि त्यांनी दार सताड उघडलं.

“या काकू.”



काकू आत आल्या, खुर्चीत टेकल्या आणि कुणी सांगायच्या आत त्यांनी आ केला.

“काकू… मिटा तोंड. जरा बोलायचंय,” निनाद म्हणाला.

त्याने सांगितलं. एक्स-रेतली पांढरी रेघही दाखवली.

“म्हंजे वरीसभर सुई माझ्या तोंडात हाय?”

“हो.”

“आन् तुमास्नी ठावं हुतं?”

“…हो.”

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. आता या उठणार, पेठेत चारचौघांना सांगणार, आणि आपल्या दवाखान्याला टाळं लागणार. इतकी भीती त्याला परीक्षेतसुद्धा वाटली नव्हती.

“मग निघंल का ती?” काकूंनी विचारलं.

“प्रयत्न करीन. नाही निघाली तर… तेही सांगेन.”

काकूंनी पदर खोचला. मग डोळे मिटले आणि पुन्हा आ केला.

निनाद सरांकडे वळला.

“सर, तुम्हीच काढा. माझ्या हातून एकदा मोडलीय.”

सर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. त्यांनी आपल्या उजव्या गालावर बोट टेकवलं.

“यांचं झालं की माझी दाढ घे. शिकत असताना तू भरली होतीस ती. तिच्यातही एक तुकडा आहे. तू कधी सांगतोस, वाट बघत होतो.”