डॉक्टरांच्या गाडीतला गाळ

आजऱ्याच्या गॅरेजमालक संघाचे अध्यक्ष अनंतराव शिंत्रे यांचा नुसता जळफळाट चालला होता. डॉक्टर केरकरांच्या जुन्या गाडीत त्यांनी तीनदा इंजिन थंड ठेवणारं भारीतलं कूलंट घातलं, तरी ती घाटात उकळायचीच. आणि मागच्या गल्लीत छोटं गॅरेज चालवणाऱ्या बिल्किस मुजावरनं ती दोन दिवसांत बरी केली. गावभर तिचं चाललेलं कौतुक त्यांना ऐकवेना.

संघाच्या बैठकीत त्यांनी तिला मुद्दाम उभं केलं. "तीस वर्षं मी या धंद्यात आहे. तू अशी काय जादू केलीस, ते सगळ्यांसमोर सांग."

"जादू कसली, काका," बिल्किस शांतपणे म्हणाली. "रेडिएटर सोडवून उलट्या बाजूनं पाणी मारलं. बादलीभर तांबडा गाळ निघाला. आत गाळ साचलेला असला, की वरून कितीही थंड ओता, तापायचं ते तापतंच."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. अनंतराव लालबुंद झाले.

"हे तू मला बोलतेस?"

"मी गाडीचं सांगतेय. तुम्ही कशाला तापताय?"

शेजारच्यानं घाईघाईनं थंड पाण्याचा ग्लास पुढे केला. अनंतरावांनी तो हातात घेतला, सगळ्यांच्या नजरा त्या ग्लासावर खिळलेल्या पाहिल्या आणि न पिताच खाली ठेवला.