सारवलेली भिंत

खूप जुनी गोष्ट सांगतो. तेव्हा खेड्यापाड्यांत कुणाला लिहिता येत नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. डोंगराच्या पायथ्याला चाळीसेक उंबऱ्यांचं एक गाव होतं. काळी जमीन, हिवाळ्याची ज्वारी आणि बहुतेकांच्या दावणीला एकेकच बैल. एका बैलानं ना नांगर चालतो ना पेरणीची पाभर, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून दोघं शेतकरी आपापला बैल आणून जोडी करायचे. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. याला ते सावड म्हणायचे.

सावड आली की हिशेब आलाच. कुणाचे किती दिवस झाले, कुणी किती पायल्या धान्य नेलं, कुणाला रुपया दिला. हे सगळं घरोघरी आतल्या भिंतीवर असायचं. गेरूची उभी रेघ म्हणजे सावडीचा एक दिवस. ठिपका म्हणजे एक पायली. गोल म्हणजे एक रुपया. दाराच्या उजवीकडे येणं, डावीकडे देणं. कुणाचं ते कळावं म्हणून प्रत्येक घराला एक खूण होती, कुणाला विळा, कुणाला मासा, कुणाला चूल. हिशेबाच्या वह्या मोठमोठ्यांकडे असतील, यांच्याकडे भिंत होती, आणि भिंत चोख होती.

या गावात भागुजी नावाचा शेतकरी राहत होता. कामाला वाघ. पण हिशेब म्हटला की त्याला शिंका यायच्या. त्याची बायको साळू रोज संध्याकाळी भिंतीपाशी बसायची आणि म्हणायची, "अहो, जरा इकडं बघा. गेनूभावजींचे सावडीचे दोन दिवस आपल्याकडं राहिलेत."

"तू आहेस ना बघायला," असं म्हणत भागुजी उठायचा आणि पारावर जाऊन बसायचा. एक वर्ष नाही, दोन नाही, पुरी वीस वर्षं. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे साळूनं हाक मारायची म्हटलं तर दुसरं कोण होतं घरात?

एका श्रावणात साळूला ताप भरला आणि पाचव्या दिवशी ती गेली. पाच दिवसांत एवढं मोठं घर रिकामं होतं, यावर भागुजीचा विश्वासच बसेना. तो ओसरीवर बसून राहायचा. बैल हंबरला की पाणी पाजायचा, पुन्हा येऊन बसायचा.

सुतक फिटलं तशा गल्लीतल्या बायका आल्या. रीतच होती तशी. मरण झालेलं घर सारवून स्वच्छ करायचं. त्यांनी शेणमाती कालवली आणि जमीन सारवली, ओसरी सारवली, भिंती सारवल्या. विळा, मासा, चूल, रेघा, ठिपके, सगळं शेणमातीखाली गेलं. गेनूची बायको हात धुताना म्हणालीसुद्धा, "दादा, वहिनींच्या खुणा होत्या भिंतीवर. तुम्ही बघून ठेवल्या असतील ना?"

भागुजीनं मान हलवली. होय म्हणाला का नाही म्हणाला, त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. आणि दुःखातल्या माणसाला उलटून कोण विचारतं?

तेराव्याला गावाला जेवायला घालायचं होतं. घरात दोन कणग्या होत्या. थोरलीत जुनी ज्वारी होती, सोंडे लागलेली. धाकटीत हात घातला तर दाणा टपोरा, पांढराशुभ्र. वर राख होती, मधे कडुनिंबाचा पाला होता. भागुजीला वाटलं, साळूनं कीड लागू नये म्हणून घातलाय. तसंच होतं ते. पण तो कशासाठी इतका जपलाय, हे धाकट्या कणगीमागं भिंतीवर काढलेल्या खुणेत होतं, आणि ती खूण आता सारवणाखाली होती. शिवाय त्याच्या मनात आलं, साळूच्या नावाचं जेवण आहे, त्याला घरातलं सगळ्यात चांगलंच धान्य घालायचं. माया खोटी नव्हती त्याची. मायेपोटीच त्यानं कणगी मोकळी केली.

गाव जेवलं. भाकरी गोड लागली. लोक म्हणाले, साळूवहिनींचं शेवटचं जेवण राजाच्या घरासारखं झालं. भागुजीला ते ऐकून बरं वाटलं.

दोन महिने गेले. पाऊस सरला, जमिनीला वापसा आला. वापसा म्हणजे मातीत ओल जेमतेम असते ते चार-सहा दिवस. त्यात पेरलं तर पेरलं, नाहीतर वर्ष गेलं. गावात पाभरी बाहेर निघाल्या. भागुजी बियाणं काढायला कणग्यांपाशी गेला, रिकाम्या धाकटीच्या तळाशी राख आणि कडुनिंबाचा पाला दिसला आणि तो तिथंच खाली बसला. आठ पायल्या बियाणं त्यानं स्वतःच्या हातानं गावाला खाऊ घातलं होतं.

त्यानं थोरल्या कणगीतली मूठभर ज्वारी ओल्या फडक्यात बांधून पाहिली. तिसऱ्या दिवशी दहा दाण्यांतले दोन उगवले. एवढ्यावर रान पेरायचं म्हणजे माती हसेल. पेरणी चुकली तर खायला नाही, चारा नाही, आणि चारा नाही तर बैल बाजारात. बैल गेला की सावड गेली, सावड गेली की शेत गेलं. त्याच्याजवळ भांडवल म्हणून तो एक बैलच होता.

तो गेनूकडे गेला. गेनू त्याचा सावडीचा जोडीदार.

"गेनू, मला बियाणं लागतंय. उसनं दे."

गेनू म्हणाला, "देतो की. पण दादा, उसनं घेताय का तुमचं स्वतःचंच मागताय, ते आधी बघू या. आमचं वहिनींशी काहीतरी येणं-देणं होतं." आणि त्यानं बायकोला हाक मारली.

तिनं भिंतीवर भागुजीची खूण दाखवली. कोयता होता त्याच्या घराचा. भागुजीनं तो पहिल्यांदा पाहिला. कोयत्याखाली डावीकडे दोन ठिपके आणि तीन रेघा. "तुमच्या दोन पायल्या आमच्याकडं आहेत," ती म्हणाली, "आणि बैलाचे तीन दिवस तुमचे. चैत्रात आमचा बैल आजारी होता ना, तेव्हाचे."

तेव्हा कुठं भागुजीच्या डोक्यात उजेड पडला. त्याच्या भिंतीवर जे येणं होतं, ते दुसऱ्या कुणाच्या तरी भिंतीवर देणं असणारच. आपली भिंत गेली, पण तिची दुसरी बाजू गावभर पसरलीय.

मग तो घरोघरी हिंडायला लागला. वीस वर्षं ज्याला हिशेब ऐकायचा कंटाळा होता, तो माणूस लोकांच्या दारात उभा राहून विचारत होता, "आमच्या साळूचं तुमच्याकडं काय होतं, आणि तुमचं आमच्याकडं काय?"

कुंभाराच्या भिंतीवर त्याचे दोन ठिपके निघाले. चांभाराची एक पायली त्यालाच द्यायची निघाली. विणकाम करणाऱ्या साळ्याच्या घरी उजवीकडे एक गोल होता. "तुमच्या बैलाला खुरकूत झाली होती ना, तेव्हा औषधाला वहिनींनी तीन रुपये नेले," साळी म्हणाला. "दर महिन्याला थोडं थोडं करून सूत कातून फेडत होत्या. एवढाच राहिला." भागुजीला बैल आजारी पडलेला आठवत होता. तो बरा झाला हेही आठवत होता. मधलं काहीच त्याला माहीत नव्हतं.

एका घरी मात्र भिंत नुकतीच सारवलेली होती. घरधनी म्हणाला, "भागुजी, तुझ्याकडं माझ्या चार पायल्या येणं आहेत. साळू असती तर तिनं सांगितलं असतं."  खरं असेल, खोटं असेल. नाही म्हणायला त्याच्याकडे भिंत नव्हती. त्यानं खायच्या ज्वारीतल्या चार पायल्या मोजून दिल्या आणि निघून आला.

सगळं गोळा करून पेरण्यासारखं बियाणं चार पायल्या झालं. पुरं रान पेरायला आठ लागत.

गावाच्या टोकाला पारूकाकू राहायची. म्हातारी, एकटी, दारात एक जातं. तिच्याकडे काही निघेल अशी आशा नव्हती, तरी भागुजी गेला. तिची भिंत कोरी होती.

"माझं नि तुमचं काही नाही, बाबा," पारूकाकू म्हणाली. "पण साळूचा हिशेब मी रोज ऐकायचे. बस."

"तुम्हाला कशाला सांगायची ती?"

"सांजेला दळायला यायची माझ्याकडं. दळता दळता दिवसाचं सगळं म्हणून दाखवायची. कुणाचं काय आलं, कुणाला काय दिलं, कणगीत किती उरलं. म्हणायची, काकू, माझं चुकलं तर दुसऱ्या कुणाच्या कानावर असावं."

भागुजी पुढं सरकला. "मग तुम्हाला सगळं ठाऊक असेल. मी ज्या चार पायल्या मोजून दिल्या, त्यांचं…"

पारूकाकूनं मान हलवली. "आकडे नाही रे राहिले माझ्या ध्यानात. तिचा आवाज तेवढा राहिलाय."

 मग भागुजीनं विचारलं, "माझ्याबद्दल काय म्हणायची?"

"म्हणायची, ते दमून येतात, त्यांना नको वाटतं. मी सांगायला बसले की उठून जातात."

"रागानं म्हणायची?"

"नाही. रागानं म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं," पारूकाकू म्हणाली. "शांतपणे म्हणायची. मला वाटायचं, मी विधवा बाई, मला कुणी नाही, ते ठीक आहे. हिचा नवरा तर घरात आहे."

भागुजी उठला. आजवर त्याला वाटत होतं, साळू गेली आणि आपण एकटे पडलो. आता त्याला कळलं की त्या घरात एकटेपण आधीपासूनच होतं, वीस वर्षांचं होतं, आणि ते साळूच्या वाट्याला आलं होतं. वाटेत लोकांनी हाक मारली, ती त्याला ऐकू आली नाही.

दुसऱ्या दिवशी गेनू आपला बैल घेऊन आला. चार पायल्या पेरल्या. अर्धं रान हिरवं झालं, अर्धं पड राहिलं, आणि त्या पडीत हिवाळाभर गवत वाढलं. माघात ज्वारी निघाली ती निम्मीच. भागुजीनं त्यातून आधी बियाणं वेगळं काढलं, लोकांचं दिलं, साळ्याचा रुपया फेडला. उरलं ते एका माणसाला कसंबसं पुरण्यासारखं होतं. बैल वाचला.

त्या दिवशी त्यानं गेरू कालवला. कोऱ्या भिंतीपाशी बसून आयुष्यातली पहिली रेघ काढली. रेघ वाकडी आली. खाली राखून ठेवलेल्या बियाण्याचे ठिपके दिले, एक, दोन, तीन, असे आठ. मग बरोबर आलं का, हे विचारायला त्यानं मागं वळून पाहिलं.

मागं कुणी नव्हतं.

म्हणून लहानथोरांनो, एवढं लक्षात ठेवा: घरचा हिशेब दोघांनी बसून करावा, तो एकाच्याच गळ्यात घातला, तर ते माणूस जिवंतपणी एकटं पडतं आणि मागं राहणारं त्याच्यानंतर.